आईच्या यकृतात पाण्याची गाठ निघाली: काढायची की असू द्यायची?

ओसरी | ३ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची आहे, नाशिकला असते. गेले दोन महिने जेवल्यावर पोट जड होतंय, चार घास खाल्ले की पुरे वाटतंय, अशी तक्रार होती. पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे नाहीत. पण रिपोर्टात यकृताच्या उजव्या भागात ५.२ सें.मी.ची 'सिंपल सिस्ट' आली.

फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला, "असू द्या, काही करायचं नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. भावाने ओळखीतल्या एका सर्जनना दाखवलं, तर ते म्हणाले दुर्बिणीतून काढून टाकू, पुढे कटकट नको. आता घरात दोन पक्ष पडलेत. आईने 'गाठ' हा शब्द ऐकल्यापासून कपाटातले दागिने काढून कुणाला काय द्यायचं याची यादी करायला घेतली आहे. मी अतिशयोक्ती करत नाहीये, यादीचा फोटो आहे माझ्याकडे.

कुणाला अनुभव आहे का? ही गाठ पुढे कॅन्सरची होते का? आणि दोनपैकी कोणाचं ऐकायचं?

ताकभात | ३ जुलै, रात्री १०.३१

काळजी करू नका, पण दुर्लक्षही करू नका. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहा. आमच्या शेजारच्या काकूंना होती, त्या दहा वर्षं करत होत्या.

पुरणयंत्र | ३ जुलै, रात्री १०.४०

@ताकभात, आणि दहा वर्षांत काय निघालं?

ताकभात | ३ जुलै, रात्री १०.४४

काही नाही. तेवढीच होती.

पुरणयंत्र | ३ जुलै, रात्री १०.४५

:)

रेडिओवाला | ३ जुलै, रात्री ११.२०

ओसरी, मी सोनोग्राफीच्याच धंद्यातला. रिपोर्ट न बघता निदान करणार नाही, पण तो वाचायचा कसा ते सांगतो.

सोनोग्राफीत आम्ही आवाजाच्या लहरी आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचं चित्र बघतो. निव्वळ पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून सिस्ट पडद्यावर काळीभोर दिसते. पाण्यातून जाताना लहरी फारशा क्षीण होत नाहीत, त्यामुळे सिस्टच्या मागचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. काळा गोल, कागदासारखी पातळ भिंत, मागे उजेड, आत पडदे नाहीत, भरीव भाग नाही. एवढं सगळं जमलं की आम्ही 'सिंपल' लिहितो. हा शब्द आम्ही सहज वापरत नाही. शंका असली की दुसरं काहीतरी लिहून एमआरआय सुचवतो. (सिस्टच्या आतलं बघायला एमआरआय सीटीपेक्षा सरस.)

ही येते कुठून? यकृत तयार होत असताना पित्तनलिकांचे काही कोंब मुख्य जाळ्याला जोडलेच जात नाहीत. ते सुटे राहतात, आतल्या अस्तरातून थोडंथोडं पाणी पाझरत राहतं आणि वर्षानुवर्षांनी त्याचा फुगा होतो. म्हणून ती चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त दिसते, आणि मोठ्या, त्रास देणाऱ्या सिस्ट बायकांमध्ये जास्त. दिवसभरात पोटाच्या तीस सोनोग्राफी केल्या तर एखाद-दुसऱ्या यकृतात दिसतेच. ही कॅन्सरची होत नाही.

आकाराबद्दल म्हणाल तर ५.२ सें.मी.च्या गोलात साधारण ७०-७५ मिलि पाणी मावतं. म्हणजे एक कटिंग. यकृत सव्वा-दीड किलोचं असतं.

अळूवडी | ३ जुलै, रात्री ११.२६

एक कटिंग! आता सोनोग्राफीच्या बाहेर टपरी काढायला हवी.

ठसकेबाज | ४ जुलै, सकाळी ६.५०

पुनर्नवा, भुईआवळा आणि गुळवेलीचा काढा ४० दिवस उपाशीपोटी. गाठ विरघळते. माझ्या साडूंची विरघळली. ऑपरेशनवाले धंदा करतात.

पुरणयंत्र | ४ जुलै, सकाळी ८.०५

साडूंची गाठ विरघळली हे कशावरून? परत सोनोग्राफी केली?

ठसकेबाज | ४ जुलै, सकाळी ८.३०

त्यांना बरं वाटतं, तेच प्रमाण.

रेडिओवाला | ४ जुलै, सकाळी ९.१५

साध्या सिस्टचा बहुतेकांना मुळातच त्रास नसतो, त्यामुळे काढा घ्या किंवा उसाचा रस घ्या, बरंच वाटणार. पण गुळवेलीबद्दल सांभाळून. कोविडच्या काळात लोक ती रोज पीत होते, तेव्हा यकृताला गंभीर इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा. वाद तुम्ही घाला. धडधाकट यकृताला ४० दिवस उगाच कामाला लावू नका एवढंच.

घाटावरचा | ४ जुलै, दुपारी १.४०

रेडिओवाले साहेब, सगळ्याच पाण्याच्या गाठी साध्या नसतात हे पण सांगा.

आम्ही आटपाडीकडचे. घरात मेंढरं, राखणीला चार कुत्री. १९९६ साली माझ्या चुलत्याच्या उजव्या बरगडीखाली गाठ हाताला लागायला लागली. मिरजेला नेलं. तिथं पहिला प्रश्न, "घरी कुत्री-मेंढरं आहेत का?" आम्हाला वाटलं डॉक्टर चौकशी करतायत घरची. मग कळलं की ती हायडॅटिड, म्हणजे कृमीची गाठ. पोट उघडल्यावर गाठीच्या भोवती मिठाच्या कडक पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या लावल्या होत्या म्हणे, थेंबभरही आतलं पाणी पोटात सांडू नये म्हणून. आतून पांढरं, उकडलेल्या अंड्यासारखं कवच निघालं आणि त्याच्या पोटात द्राक्षाएवढ्या पोरगाठी. बरणीत घालून आम्हाला दाखवलं. मी सातवीत होतो, वर्षभर द्राक्षं खाल्ली नाहीत. चुलते आता ७४ वर्षांचे आहेत, अजून मेंढरामागं जातात.

अळूवडी | ४ जुलै, दुपारी १.५२

मी आत्ताच डब्यातली द्राक्षं बाजूला ठेवली. धन्यवाद.

गोठा_नंबर_तीन | ४ जुलै, दुपारी ३.१०

जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून बोलतो. घाटावरच्यांनी सांगितलं ते चक्र असं: एक इवलासा पट्टकृमी, फार तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीचा, कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांवर. ती अंडी मेंढीच्या पोटात गेली की तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते. जत्रेत बकरं कापलं आणि 'पाणी धरलेलं' काळीज कुणी खाईना म्हणून कुत्र्यापुढे टाकलं की चक्र पूर्ण. माणूस यात फुकटचा सापडतो. ती मटण खाल्ल्याने होत नाही, माणसाकडून माणसालाही होत नाही.

खराब काळीज-फुप्फुस कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा. आणि कुत्र्याला जंताचं औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना ते बघा. नुसत्या गोल जंतांच्या गोळीने हा मरत नाही.

सांजदिवा | ४ जुलै, दुपारी ३.३५

माझा फ्लॅटमधला लॅब्राडोर पेडिग्री खातो. त्याला सोडून द्यायचं का आता?

गोठा_नंबर_तीन | ४ जुलै, दुपारी ३.४१

अजिबात नाही. कच्चं काळीज-फुप्फुस खाल्ल्याशिवाय कुत्र्याला हा कृमी होत नाही. त्याला ठेवा, हात धुवा.

कोहळा | ४ जुलै, दुपारी ४.००

अवांतर: खाटकाकडे 'काळीज द्या' म्हटलं की यकृत मिळतं आणि कवितेत काळीज म्हटलं की हृदय. 'काळजाचा तुकडा' म्हणजे नक्की कुठला तुकडा, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे.

पुरणयंत्र | ४ जुलै, दुपारी ४.०४

तुकडा काढल्यावर परत वाढतं ते यकृत. म्हणजे म्हण शास्त्रशुद्ध आहे.

रेडिओवाला | ४ जुलै, संध्याकाळी ७.३०

घाटावरचा, बरोबर आहे तुमचं. हायडॅटिडमध्ये भिंत दुपदरी दिसते, आत पोरगाठी किंवा तरंगणारा पापुद्रा दिसतो, जुनी असेल तर चुना साठलेला असतो. शंका आली की रक्ताची तपासणी. उपचार अवस्थेनुसार: अल्बेंडाझोलच्या गोळ्या, काहींत सुईने पाणी काढून आत जंतुनाशक द्रव सोडून परत ओढून घेतात, काहींत ऑपरेशन. मेलेल्या, चुना धरलेल्या गाठीला नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. मात्र काय आहे ते न ठरवता तिच्यात सुई घालू नये. ती फुटली तर अंगावर जोरदार ॲलर्जी येऊ शकते आणि पोटभर नव्या गाठी पेरल्या जातात.

माजघर | ४ जुलै, रात्री ९.०५

आमच्या माळकरी बाबांची गोष्ट. त्यांची सिस्ट मोठी होती, ११ सें.मी., उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. आधी नुसतं पाणी काढलं. लिंबू सरबतासारखं फिकट पिवळं. दुखणं त्याच दिवशी थांबलं, आणि दीड महिन्यात सगळं पुन्हा जैसे थे. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, अस्तर जिवंत आहे तोवर ते पाझरणार. पण एक गोष्ट पक्की झाली, दुखणं सिस्टचंच आहे. पाणी काढल्यावर थांबलं, भरल्यावर आलं.

मग दुसरा उपाय सुचवला. सोनोग्राफीत बघत बारीक नळी घालून पाणी काढायचं, नळीतून रंगद्रव्य सोडून सिस्टचा पित्तनलिकेशी संबंध नाही ना ते बघायचं, आणि मग आत जवळजवळ शुद्ध अल्कोहोल सोडायचं. थोडा वेळ ठेवून परत ओढून घ्यायचं. त्याने अस्तर मरतं.

बाबा उठून बसले. "डॉक्टर, मी माळकरी आहे. ६८ वर्षांत थेंबाला शिवलो नाही आणि तुम्ही थेट काळजात दारू घालताय?" डॉक्टर बिचारे गोंधळले. शेवटी आईने तोडगा काढला, तोंडातून गेली तर पाप, कुशीतून गेली तर औषध. माळ काढली नाही.

एक महिन्याने सोनोग्राफी केली तर सिस्ट जवळजवळ तेवढीच! आम्ही हादरलो. पण हे आधी सांगितलेलं होतं, आम्हीच विसरलो होतो: सुरुवातीला पाणी पुन्हा साठतं, मग महिन्यामहिन्याने आटतं. सहा महिन्यांनी ३ सें.मी. राहिली. त्या वर्षी वारी चालले.

अळूवडी | ४ जुलै, रात्री ९.१२

"तोंडातून गेली तर पाप, कुशीतून गेली तर औषध." काकूंना साष्टांग नमस्कार.

पुरणयंत्र | ४ जुलै, रात्री १०.००

माझी १४ सें.मी.ची होती, डाव्या भागात, पोटात कलिंगड घेऊन फिरल्यासारखं. मला दुर्बिणीचं ऑपरेशन केलं. यात सिस्ट अख्खी काढत नाहीत, तिचं छप्पर कापतात. उरलेली वाटी उघडी राहते, तिच्यातून जे पाझरेल ते पोटाच्या पोकळीत जातं आणि शरीर शोषून घेतं. चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. सव्वा लिटरच्या वर पाणी निघालं. कापलेलं छप्पर तपासायला पाठवलं, साधंच निघालं. हे छप्पर तपासायला पाठवलंय ना हे विचाराच.

पण ओसरी, मी चार महिने नीट जेवू शकत नव्हते, पायऱ्या चढताना धाप लागायची. म्हणून केलं. तुमच्या आईंच्या एका कटिंगसाठी मी नसतं केलं.

रानजाई | ४ जुलै, रात्री ११.३०

धागा हलकाफुलका चाललाय, मधे येऊन मोडते, माफ करा. 'निरुपद्रवी' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

माझ्या आईला आणि आता बहिणीला दोन्ही मूत्रपिंडांत आणि यकृतात सिस्ट आहेत. मोजल्या नाहीत, मोजता येत नाहीत. आनुवंशिक आजार आहे, आईबाबांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. मी तिसाव्या वर्षी तपासून घेतलं, माझ्यात नाही. ते सुटल्यासारखं वाटणं आणि त्याची लाज वाटणं, दोन्ही एकाच दिवशी झालं.

आईचं पोट इतकं वाढलं होतं की पन्नाशीत तिला बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. ती बसायची, हसायची, घरी येऊन रडायची. विचित्र म्हणजे यकृताचे रक्ताचे रिपोर्ट अगदी व्यवस्थित. यकृत काम करत राहतं, माणूस ओझ्याने वाकतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाने या सिस्ट वाढतात, म्हणून बहिणीच्या ते असलेल्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. वाढ थोडी मंदावणारी इंजेक्शनं असतात, महाग आहेत. फारच झालं तर प्रत्यारोपण.

सांगायचं ते एवढंच: रिपोर्टात एक-दोन सिस्ट असतील तर ही मंडळी म्हणतात ते खरं. पण दहा-वीस दिसल्या तर 'सिंपल' शब्दावर थांबू नका. मूत्रपिंडं बघा, आई-मामांना काय होतं ते विचारा.

रेडिओवाला | ४ जुलै, रात्री ११.५८

रानजाई, चूक माझी. 'साधी' म्हणताना मी एकुलत्या एका सिस्टबद्दल बोलत होतो, ते स्पष्ट लिहायला हवं होतं. तुमच्या बहिणीला शुभेच्छा.

वऱ्हाडपांढरी | ५ जुलै, सकाळी १०.१०

अजून एक प्रकार राहिला. माझ्या मावशीच्या सिस्टमध्ये आत पडदे होते. गावाकडे दोनदा नुसतं पाणी काढून सोडून दिलं, दोन्हीदा भरली. मग मोठ्या शहरात एमआरआय झाला आणि भिंतीसकट पूर्ण काढून टाकली. म्युसिनस, म्हणजे आत चिकट द्रव धरणारी गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकला असता म्हणून अशीचं नुसतं छप्पर कापून भागत नाही, मुळासकट काढावी लागते. मध्यम वयाच्या बायकांतच जास्त होते म्हणे. दिसायला चुलत बहीण, वागायला वेगळी.

ताकभात | ५ जुलै, सकाळी १०.२५

म्हणून म्हणत होतो दर सहा महिन्यांनी करा.

थेम्सकाठ | ५ जुलै, दुपारी २.३०

@ताकभात, इथे इंग्लंडमध्ये माझ्या नवऱ्याला ७ सें.मी.ची निघाली. जीपीचं (इथले फॅमिली डॉक्टर) दोन ओळींचं पत्र आलं: साधी सिस्ट, पुन्हा तपासणी नको. मी भांडायला निघाले होते, आपल्याला हाकलतायत म्हणून. मग यकृततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या. तिथेही तेच: लक्षणं नसलेल्या साध्या सिस्टची ठरावीक काळाने तपासणी करत बसू नये. त्रास सुरू झाला तर मात्र दाखवावं. अचानक जोरात दुखणं, ताप, कावीळ, म्हणजे आत रक्तस्राव किंवा संसर्ग झाला असू शकतो किंवा पित्ताच्या वाटेवर दाब आला असू शकतो.

ताकभात | ५ जुलै, दुपारी २.४४

युरोपात काकू नाहीत.

हिशेबनीस | ५ जुलै, दुपारी ३.००

विम्याच्या फॉर्ममध्ये लिहायची का ही सिस्ट? नाहीतर नंतर क्लेम अडकवतात.

माजघर | ५ जुलै, दुपारी ३.२०

लिहा. रिपोर्ट जोडा. लपवून वाचलेला हप्ता नंतर महागात जातो.

रेडिओवाला | ५ जुलै, रात्री ८.१५

ओसरी, मूळ प्रश्नाकडे येऊ. तुम्ही फक्त 'उजवा भाग' लिहिलंय. रिपोर्टात सेगमेंटचा (यकृताचे आठ भाग पाडतात, त्यातल्या एकाचा) नंबर असेल, तो बघा. जठरापुढे येतो यकृताचा डावा भाग. सिस्ट उजवीकडे मागच्या बाजूला असेल तर ती जठरावर दाबणार कशी? मग पोट जड होण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. नाहीतर ऑपरेशन होईल, सिस्ट जाईल आणि पोट तसंच जड राहील. आणि रिपोर्टातल्या बाकीच्या ओळीही टाका. लोक नेहमी घाबरवणारी ओळ तेवढी टाकतात.

ओसरी | ५ जुलै, रात्री ९.४०

सेगमेंट ७. आणि हो, खाली अजून एक ओळ आहे: 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. ते काय, सगळ्यांनाच असतं म्हणून सोडून दिलं होतं.

रेडिओवाला | ५ जुलै, रात्री ९.५२

सेगमेंट ७ म्हणजे उजवीकडे वरच्या बाजूला, पाठीकडे, श्वासपटलाखाली. जठरापासून लांब. त्या ७० मिलि पाण्यापेक्षा मी दुसऱ्या ओळीकडे जास्त बघेन. आईंची साखर, वजन, कोलेस्टेरॉल बघून घ्या. सगळ्यांनाच असतं, हे मधुमेहाबद्दलही म्हणतात हल्ली.

अळूवडी | ५ जुलै, रात्री १०.०१

म्हणजे गाठीवर दोन दिवस भांडलो आणि गुन्हेगार तूप निघालं?

ओसरी | २६ जुलै, रात्री ९.२०

धागा वर काढतेय, उशिराबद्दल क्षमस्व. आईला पोटविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सिस्टबद्दल एक मिनिट बोलून आईला विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?" आई म्हणाली काही नाही. "गुडघ्यासाठी?" तर म्हणे हो, ती एक पांढरी गोळी, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून. रोज. सकाळी चहाच्या आधी. मार्चपासून! आम्हा कुणाला पत्ता नाही, कारण 'गुडघेदुखी म्हणजे काय आजार आहे का'.

दुर्बिणीने तपासलं तर जठराला आतून सूज. गोळी बंद केली, पोटाची औषधं दिली, गुडघ्यासाठी व्यायाम लावून दिलाय. आता दोन पोळ्या जेवते. साखर काठावर निघाली आहे, त्यामुळे त्या दुसऱ्या ओळीचं काम सुरू झालंय, रोज अर्धा तास गोदाकाठी फेरी. सिस्ट आहे तिथे आहे. सर्जनकडे परत गेलो नाही.

दागिन्यांची यादी मात्र तिने फाडलेली नाही. म्हणे, एवढी मेहनत घेतलीय तर राहू दे.

पुरणयंत्र | २६ जुलै, रात्री ९.३१

यादीत सुनेला काय आलंय ते कळेल का?

ओसरी | २६ जुलै, रात्री ९.३३

त्यासाठी वेगळा धागा लागेल.